पुढची नेमणूक कोणाची?

कामगार युनियनच्या माणसाने 'वाढत्या धंद्यात पुढचा माणूस कोणता घ्यावा' या विषयावर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटले. माणसे काढू नका म्हणून दारात बसणारे आम्ही. माणसे घ्यावीत कशी हे आम्ही काय सांगणार? शंका रास्त आहे. परंतु नोकरी सुटलेल्या माणसाची फिर्याद ऐकत तीस वर्षे काढली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दहांतल्या सहा-सात तंट्यांचे मूळ माणूस काढला त्या दिवशी नसते, घेतला त्या दिवशी असते. त्याला घेतले एका कामासाठी, जुंपले दुसऱ्याला, आणि दोष काढला तिसऱ्याच कामात! तेव्हा हा विषय मालकांचा आहे तितकाच आमचाही आहे.

विषय मोघम राहू नये म्हणून आम्ही एकच धंदा घेतो. तो म्हणजे इमारती सांभाळण्याचा. आमची युनियन याच लोकांची आहे. झाडूवाल्या, रखवालदार, लिफ्टमन, पंप चालविणारे, प्लंबर आणि वायरमन यांची. आपल्यापैकी बहुतेक मंडळी कोणत्या ना कोणत्या सहकारी गृहसंस्थेत राहतात. महाराष्ट्रात १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने संस्थेचा कारभार सभासदांनी निवडून दिलेल्या समितीकडे दिला. पण समितीवरचे सेक्रेटरी दिवसभर आपल्या नोकरीवर असतात. आर्थिक वर्ष संपल्यावर हिशेबतपासणी करून घ्यावयाची, सप्टेंबरअखेर वार्षिक सभा भरवावयाची, २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत आग विझविण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावयाचा. शिवाय लिफ्ट, पंप, टाक्या, गळती आणि तळमजल्यावरच्या मोटारींची भांडणे ही रोजची. हे सारे दरमहा ठरावीक मोबदल्यावर अंगावर घेणारे व्यावसायिक आता मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत गल्लोगल्ली निघाले आहेत. धंदा चांगला आहे, गरजेचाही आहे.

आता असा एक व्यावसायिक डोळ्यांपुढे आणू. त्याने तीन इमारतींपासून सुरुवात केली. फोन तोच घेई, पावत्या तोच फाडी, प्लंबरला स्कूटरवर मागे बसवून तोच नेई. काम चोख, म्हणून शेजारच्या सोसायटीने बोलावले. मग तिच्या शेजारच्या. आज त्याच्याकडे बारा इमारती आहेत, हाताखाली दोन प्लंबर, एक वायरमन, एक अर्धवेळ हिशेबनीस आणि सफाईची माणसे आहेत, आणि गृहस्थाला रात्री झोप नाही. हातात एका पगाराइतके पैसे शिल्लक पडू लागले आहेत. पुढचा माणूस कोणता?

शंभरांतले नव्वद लोक या ठिकाणी म्हणतात, "एक चांगला सुपरवायझर घ्यावा." आपल्या भाषेत मुकादम. ही सूचना मनात का येते ते पाहण्यासारखे आहे. मालकाला जो त्रास होतो तो त्याला 'माणसे नीट काम करीत नाहीत' या रूपाने दिसतो. म्हणून माणसांवर माणूस नेमावा असे त्याला वाटते. पण मुकादम नेमल्याने काम करणारे हात एकानेही वाढत नाहीत, आणि हुकूम देणारी तोंडे मात्र एकाची दोन होतात.

मुंबईच्या गिरण्यांनी हा धडा फार महागात घेतला आहे. तेथे जॉबर असे. कामगार भरती तोच करी, बदलीचे पाळी-वाटप तोच करी, रजा द्यावी की नाही हेही त्याच्याच हाती. मालकाला वाटे, एका माणसाला पगार दिला की दोनशे माणसांची कटकट गेली! प्रत्यक्षात कटकट गेली नाही, ती दिसेनाशी झाली. नोकरी लागावी म्हणून दस्तुरी, टिकावी म्हणून दस्तुरी. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने (आपले ना. म. जोशी त्याचे सभासद होते) १९३१ च्या अहवालात स्पष्ट सांगितले की, कामगार घेण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्या व त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमा. आम्ही लहानपणी वडिलांच्या तोंडून जॉबरच्या गोष्टी ऐकल्या, अहवाल पुढे युनियनच्या कपाटात सापडला. दोन्हींत फरक एवढाच की अहवालात शिव्या नाहीत.

मुकादम कधीच नको असे आमचे म्हणणे नाही. पन्नास माणसे झाली म्हणजे कोणीतरी लागेल. परंतु आमच्या बारा इमारतींच्या गृहस्थाचे दुखणे ते नव्हे. त्याचे दुखणे समजण्यासाठी एक साधी गोष्ट पक्की धरली पाहिजे. धंद्यात ज्या जागेवर माणूस नेमलेला नाही, ती जागा रिकामी नसते. कोणीतरी ती आपले काम सांभाळून, बहुधा फुकट, भरीत असतो. तो मालक असेल, मालकाची पत्नी असेल, नाहीतर गेटवरचा रखवालदार असेल. पुढचा माणूस कोणता घ्यावा हे ठरविणे म्हणजे आजवर ती जागा कोण भरीत होता ते शोधून काढणे होय.

घरे सांभाळण्याच्या धंद्यात ही गोष्ट कशी घडते याचे एक उदाहरण आपल्याच शहरांत आहे. मुंबईच्या खाजगी चाळींचे मालक कोणता माणूस पगारावर ठेवीत? भाडे गोळा करणारा मेहता. नळ दुरुस्त करणारा नव्हे, जिना शाकारणारा नव्हे. मेहता पहिल्या तारखेला येई, पावती देई, पैसे मोजून निघून जाई. कठडा हलतो आहे हे त्याला सांगितले तर "शेटला सांगतो" एवढेच उत्तर. मालकांच्या बाजूनेही सांगितले पाहिजे की, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली, आणि त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही ही ओरड अगदी खोटी नव्हती. तरी पण दुरुस्तीच्या जागेवर माणूसच नव्हता हे खरेच. ती जागा भाडेकरूंनी आपल्या खिशातून आणि जिवावर भरली. इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारला कायदा करून दुरुस्तीचे मंडळ काढावे लागले आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला. मालकाने न नेमलेला माणूस शेवटी साऱ्या शहराला नेमावा लागला!

याच्या अगदी उलट प्रकार लंडनमध्ये घडला, आणि तो या धंद्यातील प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ऑक्टेव्हिया हिल (१८३८–१९१२) नावाची एक बाई होती. १८६५ साली तिच्यासाठी जॉन रस्किन यांनी (ज्यांच्या 'अन्टू धिस लास्ट' या ग्रंथाचे गांधीजींनी 'सर्वोदय' म्हणून रूपांतर केले तेच हे रस्किन) मॅरिलबोन भागातील पॅराडाइज प्लेस येथील तीन घरांचे पट्टे ७५० पौंडांना घेतले. नाव पॅराडाइज, म्हणजे नंदनवन. प्रत्यक्षात घाण, ओल आणि गर्दी. रस्किन यांची अट एवढीच की गुंतवणुकीवर सालीना पाच टक्के सुटावेत. पुढच्याच वर्षी आणखी पाच घरे आली. १८७४ पर्यंत अशा पंधरा ठिकाणी मिळून सुमारे तीन हजार भाडेकरू तिच्या व्यवस्थेखाली आले.

म्हणजे धंदा वाढला, आणि बाईपुढे आपलाच प्रश्न उभा राहिला. पुढचा माणूस कोणता? चालू रीत अशी होती की, भाडे उकळणारा एक दांडगा मुनीम ठेवावा. हिलबाईने ते केले नाही. तिने भाडे गोळा करणे, तक्रार ऐकणे आणि दुरुस्ती सांगणे ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीच्या हाती ठेवली आणि तशा व्यक्ती, बहुतेक स्त्रियाच, ती तयार करीत गेली. दर आठवड्याला तीच बाई त्याच दारात जाई. भाडे घेतानाच तिला गळका नळ दिसे, आणि तो बांधून घेण्याचा अधिकार तिच्याकडे असे. प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठी वर्षाची रक्कम आधीच बाजूला काढलेली. मोडतोड भरून निघाल्यावर त्यातून जे उरेल त्यातून काय करावयाचे ते भाडेकरूंनी सांगावे. परिणाम काय झाला? मोडतोड कमी झाली! कारण काच फोडली तर आपल्याच कपाटाचे पैसे जातात हे पोरासोरांनाही कळू लागले. जिने धुण्याचे काम तिने भाडेकरूंच्याच मोठ्या मुलींना पैसे देऊन दिले, आणि बेकार भाडेकरूंना किरकोळ दुरुस्तीची कामे दिली.

आम्ही हिलबाईचे भक्त नाही. भाडे थकले की बाहेर काढण्यात ती मोठी कठोर होती, नगरपालिकेने गरिबांसाठी घरे बांधावीत यालाही तिचा विरोध असे, आणि सुरुवातीच्या तिच्या पुष्कळ साहाय्यक बिनपगारी होत्या, हे आमच्यासारख्याला कसे पटावे? तिच्या पद्धतीवर ईस्ट एंडच्या गोदीजवळ कॅथरिन बिल्डिंग्ज उभ्या राहिल्या. तेथे १८८५ पासून बिअॅट्रिस पॉटर नावाची तरुणी भाडे गोळा करीत असे. तिने आणि तिच्या सोबतिणीने प्रत्येक बिऱ्हाडाची नोंद एका वहीत ठेवली. कोण राहतो, काय कमावतो, का सोडून गेला. हीच पुढे बिअॅट्रिस वेब झाली आणि नवऱ्याबरोबर तिने १८९४ साली कामगार संघटनांचा तो प्रसिद्ध इतिहास लिहिला, ज्याच्यावर आमच्यासारख्या शाळा सोडलेल्यांचे शिक्षण झाले. दारोदार भाडे गोळा करता करता तिला दारिद्र्याचे जे ज्ञान झाले ते ग्रंथांत नव्हते. सांगावयाचे ते एवढेच की, दारापर्यंत जाणारा माणूस हा या धंद्याचा डोळा असतो. त्याला नुसता पैसे गोळा करावयास लावणे म्हणजे डोळा असून बांधून घेणे.

आता आपल्या बारा इमारतींकडे परत येऊ, आणि थोडे गणित करू. समजा, इमारतीत सरासरी साठ बिऱ्हाडे. म्हणजे ७२० घरे झाली. प्रत्येक घराकडून महिन्याला एकच तक्रार येते असे धरू. नळाचा वायसर गेला, जिन्यातला दिवा गेला, पावतीत शंभर रुपये जास्त लागले. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर रोज सुमारे २८ तक्रारी. एक तक्रार म्हणजे एक काम नव्हे. ती ऐकून घ्यावयाची, कारागिराला सांगावयाची, काम झाले की नाही ते पाहावयाचे आणि घरच्यांना कळवावयाचे. चार वेळा हात लागतो. दर वेळी पाच मिनिटे धरली तरी एका तक्रारीस वीस मिनिटे. २८ गुणिले २०, म्हणजे ५६० मिनिटे. नऊ तास वीस मिनिटे!

पाना अजून कोणी उचललेला नाही. ही नुसती बोलण्या-सांगण्याची मिनिटे आहेत. एका माणसाचा पूर्ण दिवस खाऊन वर ओव्हरटाइम होतो, आणि ही जागा आज मालक स्वतः भरतो आहे. म्हणून त्याचा फोन लागत नाही, म्हणून प्लंबर एकाच इमारतीत दिवसातून तीनदा जातो, म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी चिडतात. मालक म्हणतो, प्लंबर आळशी आहे. प्लंबरला विचारा. तो म्हणेल, "साहेब, सकाळी चौथ्या मजल्यावर पाठविले, दुपारी त्याच जिन्यात दुसऱ्यावर, एकदम सांगितले असते तर एका खेपेत झाले असते." तिसरा प्लंबर घेऊन हे सुटत नाही. तिसराही तसाच हेलपाटे घालील.

म्हणून आमचे मत असे की, या अवस्थेत पहिली नेमणूक तक्रार घेऊन ती तडीस नेणाऱ्या माणसाची करावी. त्याला नाव काय द्यावयाचे ते द्या. पण दोन गोष्टी त्याच्या हाती दिल्याच पाहिजेत. पहिली, कारागिरांचा दिवस आखण्याचा अधिकार, म्हणजे मालकाने मधूनच फोन करून प्लंबरला भलतीकडे पळवावयाचे नाही. दुसरी, ठरावीक रकमेपर्यंत विचारल्याशिवाय खर्च करण्याची मोकळीक. दोनशे रुपयांच्या तोटीसाठी ज्याला मालकाची परवानगी घ्यावी लागते तो तक्रार तडीस नेत नाही, नुसती एका कानातून दुसऱ्या कानात घालतो. आणि मालकाचे नऊ तास जिथल्या तिथे राहतात, वर एक पगार चालू होतो. आम्ही पाहिलेल्या फसलेल्या नेमणुकांपैकी निम्म्या या एका कारणाने फसल्या. मालकाला काम द्यावयाचे असते, हुकूम द्यावयाचा नसतो.

हे काम करणारा माणूस कोठे मिळेल? पुष्कळदा घरातच असतो. सफाईचे काम पाहणारी एखादी चुणचुणीत बाई असते, जिला बाराही इमारतींच्या टाक्या, चाव्या आणि स्वभाव पाठ असतात. तिला लिहिता-वाचता बेताचे येते म्हणून तिचा विचारही कोणी करीत नाही, आणि बाहेरून इंग्रजी बोलणारा पदवीधर आणला जातो, ज्याला पहिले सहा महिने तीच सारे शिकविते. लिहिणे तीन महिन्यांत शिकता येते. आम्ही शिकलो आहोत.

हिशेबनीस आणि नवी कामे आणणारा माणूस यांविषयी थोडक्यात सांगू. पावत्या वेळेवर निघत नसतील, थकबाकी कोणाकडे किती हे सांगता येत नसेल, तर अर्धवेळ हिशेबनीस पूर्णवेळ करावा. त्यात विचार करण्यासारखे फारसे नाही. नवी कामे आणणारा मात्र सर्वांत शेवटी. ज्या घराचे छप्पर गळते त्या घरात पाहुणे बोलावण्यातला हा प्रकार आहे. या धंद्यात काम तोंडातोंडी पसरते; बारा सोसायट्या संतुष्ट असतील तर तेरावी आपण होऊन येते, आणि नसतील तर माणूस ठेवून आणलेली तेरावी वर्षात निघून जाते.

यापुढची जागा मात्र अशी आहे की तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, आणि आम्हांला जास्त बोलावयाचे आहे ते तिच्याबद्दल. ती जागा बदलीची. गेटवर एक खुर्ची असते. ती खुर्ची चोवीस तास भरलेली पाहिजे. आठ तासांची पाळी धरली तर दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. एक माणूस आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेऊन सहा पाळ्या करतो. एकवीस भागिले सहा, साडेतीन. म्हणजे एका खुर्चीला साडेतीन माणसे लागतात, आणि ती आजारी पडत नाहीत, कोणाचे लग्न-मर्तिक निघत नाही असे गृहीत धरून. प्रत्यक्षात किती असतात? दोन. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि सुट्टी नाही, असे जेथे चालते तेथे एका माणसाचे आठवड्याचे ८४ तास होतात. कायद्याचा आठवडा ४८ तासांचा आहे. उरलेल्या दीड माणसाची जागा रिकामी आहे काय? नाही. ती हे दोघे भरतात, आपल्या झोपेतून.

रखवालदार आमचे नाहीत, दुसऱ्या ठेकेदाराचे आहेत, असे व्यवस्था पाहणारा म्हणतो. असतील. पण पहाटे पाचला पंप चालू करावयास, पाणी सोडावयास, पार्सले सांभाळावयास आणि लिफ्ट अडकली तर किल्ली घेऊन धावावयास तो कोणाला सांगतो? त्याच रखवालदाराला. हाच प्रकार सफाईत आणि पंपावर. सहा माणसांमागे एक बदली, हा हिशेब सोपा आहे. सहाजणांच्या सहा सुट्ट्या तो एकटा भरून काढतो. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची रीतसर नोंद ठेवण्याची पद्धत १९३५ साली आली. इमारतींच्या धंद्यात ती अजून यावयाची आहे. त्यामुळे एखादा माणूस गैरहजर राहिला की काय होते? समोर जो दिसेल त्याला सांगितले जाते, "आजच्या दिवस तू बघ."

'आजच्या दिवस तू बघ' हे तीन-चार शब्द माणसाचा जीव घेऊ शकतात. चेंबर तुंबते, सेप्टिक टाकी भरते, घाण तळमजल्यावर येते. यंत्राची गाडी बोलवावयाचे कोणाचे काम ते ठरलेले नसते. मग सफाईच्या मुलाला किंवा रखवालदाराला दोनशे-पाचशे रुपये देऊन आत उतरविले जाते. टाकीतला वायू डोळ्यांना दिसत नाही. एक जण पडतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने अशा टाकीत किंवा गटारात संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूस दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरी बातम्या येतातच. प्रत्येक बातमीच्या मागे पाहा. तेथे एक न नेमलेला माणूस असतो, आणि त्याच्या जागी भलताच कोणी उतरलेला असतो. तेव्हा नेमणुकीचा विचार करताना पहिल्या दिवशीच लिहून काढावे की, जीवाला धोका असलेली कामे कोणती आणि ती आपल्यापैकी कोणीही करावयाची नसून कोणाकडून करून घ्यावयाची. या यादीला पगार लागत नाही.

पैशांचा विचार टाळून चालणार नाही. पगार म्हणजे केवळ हातात पडणारी रक्कम नव्हे. कायदा लागू असेल तर भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा बारा टक्के, विमा योजनेचा सव्वातीन टक्के, शिवाय बोनस, रजा आणि तिच्यातली बदली. हे सारे धरून माणूस परवडतो की नाही ते बघावे. नाहीतर तीन महिन्यांनी "मंदी आहे" म्हणून त्याला घरी बसवावे लागते, आणि मग तो आमच्याकडे येतो. निर्वाह निधीचा कायदा वीस माणसांवर लागतो. एकोणीस माणसांवर येऊन थांबलेले धंदे आम्ही इतके पाहिले आहेत की, एकोणीस हा आकडा फार शुभ असावा असे वाटू लागले आहे! विसावा माणूस कामाला असतो. फक्त त्याचे नाव दुसऱ्याच वहीत असते. असा धंदा पुढचा माणूस कामाच्या गरजेने निवडीत नाही, कायद्याला चुकविण्याच्या सोयीने निवडतो, आणि एखादा अपघात झाला की ती सोय फार महाग पडते.

येथे जमलेल्या मंडळींपैकी धंदा करणारे थोडे, पण सोसायटीच्या सभेत हात वर करणारे सारेच. वार्षिक सभेत तीन दरपत्रके येतात, सर्वांत स्वस्त असेल त्यावर टाळ्या पडतात. पुढच्या खेपेस त्या कागदावर एक प्रश्न विचारून पाहा. या रकमेत गेटवर माणसे किती, आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी कोण? साडेतीनाच्या जागी दोन असतील तर स्वस्ताई कोठून आली ते तेथेच कळेल.

आता राहिले ते प्रत्यक्ष कसे ठरवावयाचे. आमची रीत अगदी गावठी आहे. एक दोनशे पानी वही घ्यावी. चार आठवडे धंद्यातल्या प्रत्येकाने, मालकानेही, दिवसअखेर तीन ओळी लिहाव्यात. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. आज माझे नसलेले कोणते काम केले. कशासाठी थांबून राहावे लागले. कोणती तक्रार दुसऱ्यांदा आली. तिसरी ओळ सर्वांत मोलाची. पहिल्यांदा आलेली तक्रार नळाची असते. दुसऱ्यांदा आलेली तीच तक्रार व्यवस्थेची असते. आणि लिहिणाऱ्याला त्याबद्दल बोलणी बसणार नाहीत हे मालकाने आधी सर्वांसमोर सांगावे, नाहीतर चार आठवडे वहीत 'सर्व ठीक' एवढेच लिहिलेले सापडेल.

चार आठवड्यांनी वही उघडून 'माझे नसलेले काम' या ओळी एका खाली एक मांडाव्यात. एकच काम तीन-चार जणांच्या नावावर विखुरलेले दिसेल. त्या तुकड्यांची बेरीज एका माणसाच्या दिवसाइतकी झाली तर तीच पुढची नेमणूक. बेरीज अर्ध्या दिवसाची झाली तर अर्धवेळ माणूस घ्यावा, किंवा ज्याच्याकडे ते काम जास्त पडते त्याला तेच काम देऊन त्याचे दुसरे काढून घ्यावे आणि पगार वाढवून द्यावा. काही वेळा असेही निघते की नवा माणूस नकोच, नवी शिडी हवी. एका ठिकाणी प्लंबर रोज पाऊण तास शिडी मागण्यात घालवीत होते. बारा इमारतींत शिड्या दोन!

माणूस घेतला म्हणजे त्याला नेमणुकीचे पत्र द्यावे, साध्या मराठीत. त्यात त्याची कामे लिहावीत, कोणाचे ऐकावयाचे ते एकच नाव लिहावे, सुट्टीचा वार लिहावा, आणि कोणती कामे त्याची नाहीत तेही लिहावे. या शेवटच्या ओळीला मालक फार बिचकतात. त्यांना वाटते, उद्या हा माणूस बोट दाखवील. दाखवू द्यावे. तेच बोट पुढच्या रिकाम्या जागेकडे असते. पत्र दिल्यावर तीन महिने जाऊ द्यावेत, मग तीच वही पुन्हा चार आठवडे फिरवावी आणि दुसऱ्यांदा आलेल्या तक्रारी मोजाव्यात. पहिल्या खेपेपेक्षा कमी झाल्या असतील तर माणूस योग्य जागी बसला. झाल्या नसतील तर माणसाला बोलावण्याआधी त्याचे पत्र काढून पाहावे, आणि त्यात दिलेला अधिकार त्याला या तीन महिन्यांत एकदा तरी वापरू दिला होता का, हे त्यालाच विचारावे.